आधी कुकर, मग कणीक

नोकरी आणि दोन वेळचा प्रवास उरकून रात्री साडेआठला घरी आलेलं माणूस स्वयंपाकघरात शिरलं की हात आधी कणकेच्या डब्याकडे जातो. कणीक भिजवायची, ती मुरेपर्यंत भाजी चिरायची, एका शेगडीवर भाजी फोडणीला टाकायची आणि दुसरीवर तवा चढवायचा. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याकडे कुणी वेगळं लक्ष देत नाही. जरा घड्याळ लावून पाहू. चार माणसांना माणशी तीन धरल्या तर १२ पोळ्या होतात. कणीक मळायला आठ-दहा मिनिटं, लाटून-भाजून एक पोळी उतरायला दीड ते दोन मिनिटं आणि शेवटी पोळपाट, ओटा, सांडलेलं पीठ आवरायला पाचेक मिनिटं. म्हणजे ३५-४० मिनिटं गेली, आणि तीही तव्यासमोर उभं राहून, दुसरं काहीही न करता. हात सवयीचा असेल तर थोडी कमी. भाजीच्या वाट्याला उरतात दहा-पंधरा मिनिटं, म्हणून भाजी बटाट्याची होते. वरण सकाळचं उरलं असलं तर असतं, नाहीतर पोळी-भाजीवरच जेवण उरकतं. आठवड्यातून दोन-तीनदा एवढंही त्राण राहत नाही आणि मग वडापाव, नूडल्सचं पाकीट किंवा मोबाइलवरून मागवलेलं काहीतरी पुढ्यात येतं.

दमलेल्या माणसांसाठी झटपट पाककृतींची आज काही वाण नाही. दहा मिनिटांत हे, पंधरा मिनिटांत ते, अशा हजारो कृती हाताशी असूनही रात्रीचं जेवण अडतंच. माझ्या मते खरी अडचण पाककृतींच्या पलीकडे आहे. रात्रीच्या स्वयंपाकात ज्या पदार्थावर आपण सर्वांत जास्त कष्ट घालतो, तो पदार्थ आपण आधीच गरजेपेक्षा जास्त खातो. ताटात जे कमी पडतं त्याला मात्र हाताचे कष्ट थोडे लागतात. कष्ट आणि गरज यांची अशी उलटापालट झालेली असल्यामुळे तासभर राबूनही ताट अपुरं राहतं. हा क्रम फिरवला, म्हणजे आधी डाळ किंवा कडधान्य, मग भाजी आणि पोळी-भाकरी जमलीच तर सर्वांत शेवटी असं ठरवलं, तर वेळ, पैसा आणि आरोग्य हे तिन्ही प्रश्न बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी सुटतात.

आपण धान्य जास्त खातो हे कशावरून? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहाराचा एक नमुना दिलेला आहे. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेलबिया आणि सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्यातून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असंही ही तत्त्वं सांगतात. आता हे आकडे आपल्या घरातल्या वाटीने मोजून पाहावेत. चार माणसांच्या घरात वरणाला साधारण एक वाटी डाळ घेतात, म्हणजे फार तर दीडशे ग्रॅम. माणशी ३७-३८ ग्रॅम झाली. दिवसभरात डाळ तेवढीच शिजत असेल, तर गरजेच्या निम्मीही पोटात जात नाही. भाजीचंही तेच. पाव किलो भेंडी चौघांत वाटली की प्रत्येकाला ६०-६५ ग्रॅम मिळते आणि दोन्ही वेळची मिळून सव्वाशेच्या वर जात नाही. उरलेली भूक पोळी आणि भात भागवतात.

परिषदेच्याच ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०२३ साली हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांची पुष्कळ चर्चा झाली. त्याच अभ्यासाचा आहारासंबंधीचा भाग २०२५ साली आला आणि रात्रीच्या स्वयंपाकाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. भारतीय माणसाच्या आहारातले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून येतात जेमतेम १२ टक्के, असं त्यात दिसलं. पिष्टमय पदार्थांचा थोडा वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूधदुभतं, अंडी किंवा मासे यांतली प्रथिनं आली, तर मधुमेहाचा धोका कमी असल्याचं आढळलं. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण पिष्टमय पदार्थांचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, तर मात्र तसा फायदा दिसला नाही. हा निरीक्षणातून आलेला निष्कर्ष आहे, प्रयोगशाळेतल्या चाचणीचा नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही आपल्याकडच्या एका लाडक्या समजुतीला तो धक्का देतो. भात सोडला आणि पोळीवर आलो, पोळी सोडली आणि नाचणी-ज्वारीच्या भाकरीवर आलो, एवढ्यावर आपण समाधान मानतो. ज्वारी-बाजरीत तंतू आणि खनिजं जास्त असतात, भाकरी चांगलीच आहे. पण तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या आल्या आणि शेजारची आमटी तेवढीच पातळ राहिली, तर ताट बदललं असं म्हणता येत नाही.

आता कष्टांकडे येऊ. डाळीला माणसाचा वेळ फारसा लागत नाही, तिला लागतो तो उष्णतेचा वेळ. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला पाऊणएक तास जातो, कारण पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं आणि त्यापुढे कितीही जाळ केला तरी तापमान वाढत नाही. कुकरचं झाकण लागलं की कोंडलेल्या वाफेने दाब वाढतो. नेहमीच्या घरगुती कुकरमध्ये तो बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळू लागतं. तापमानातल्या या २० अंशांमुळे पाऊण तासाचं काम दहा-बारा मिनिटांवर येतं. शिट्ट्या मोजण्याचा आपला हिशेब खरं तर ढोबळ आहे. पूर्ण दाब आल्यावर, म्हणजे पहिली शिटी झाल्यावर गॅस बारीक करून मिनिटं मोजली तर डाळ तशीच शिजते आणि गॅसही वाचतो. १९५९च्या सुमाराला हे भांडं भारतात तयार होऊ लागलं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात रुळलं. मराठी घरात त्याचं मुख्य काम मात्र वरण-भातापुरतं राहिलं. कुकर लावणं ही स्वयंपाकाची पूर्वतयारी मानली गेली, खरा स्वयंपाक त्यानंतरचा. दमलेल्या माणसाने ही समजूत सोडायला हरकत नाही. कुकर उघडला की जेवण तयार, अशी आठवड्यातली तीन-चार रात्रींची सोय त्यात सहज बसते.

अशा जेवणांसाठी दूर जावं लागत नाही. मुगाची खिचडी, डाळ-मेथी, डाळ-कांदा, मटकीची उसळ, वालाचं बिरडं, विदर्भ-मराठवाड्यातली वरणफळं, म्हणजेच पश्चिम महाराष्ट्रातल्या चकोल्या, कोकणातलं कुळथाचं पिठलं, देशावरचे कुळथाच्याच पिठाचे शेंगोळे. ही सगळी कष्टकरी माणसांची जेवणं आहेत. शेतावरून अंधार पडता घरी आल्यावर चूल पेटवणाऱ्यांनी ती घडवली. त्यांत वेळेची काटकसर आधीपासूनच आहे. वरणफळांचंच पाहा. १२ पोळ्या लाटून भाजण्याऐवजी एक-दोन मोठ्या पोळ्या लाटायच्या, सुरीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे करायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. तवा नाही, उलटणं-पालटणं नाही. दहा मिनिटांत फळं आमटीतच शिजतात. कणीक तीच, घरही तेच, पण धान्य डाळीच्या पोटात गेलं आणि कामाचा अर्धा भाग गळून पडला. पोळी मोडली की जेवण मोडलं असं वाटणाऱ्या घराने सुरुवात करायला यापेक्षा सोपं काही मला दिसत नाही.

खिचडीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. खिचडी म्हणजे शेवटी भातच, मग धान्य कमी कुठे झालं, हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि नेहमीच्या खिचडीपुरता तो बरोबर आहे. पुष्कळ घरांत तांदूळ तीन वाट्या आणि मूगडाळ एक वाटी असं प्रमाण असतं. माणशी १२० ग्रॅम कोरडा शिधा धरला तर त्यात ९० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम डाळ येते. तांदळात १०० ग्रॅमला सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात आणि मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम. म्हणजे अशा खिचडीतून साधारण १४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेच प्रमाण निम्मं-निम्मं केलं, ६० ग्रॅम तांदूळ आणि ६० ग्रॅम डाळ, तर आकडा १९ ग्रॅमच्या आसपास जातो. पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका वेळच्या जेवणात त्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भागला. वेळ तेवढाच, कुकर तोच, फक्त वाटी वेगळी भरली. धान्य आणि डाळ एकत्र येण्याचा आणखी एक फायदा आहे. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य पुरवतं. वरण-भात, आमटी-भाकरी, डाळ-ढोकळी ही जोडी देशभर का टिकली याचं एक शास्त्रीय कारण हे आहे. वरून लिंबू पिळायची सवयही सोडू नये. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात अधिक शोषलं जातं.

पिठल्यालाही हीच कसोटी लावली पाहिजे. दहा मिनिटांत होणारं, फ्रीज रिकामा असताना तारून नेणारं, भाकरीला साथ देणारं पिठलं मला फार मोलाचं वाटतं. बेसनात १०० ग्रॅमला २० ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. पण चौघांच्या पिठल्याला आपण पीठ घेतो अर्धी वाटी, पाणी ओततो चार-पाच वाट्या, आणि ताटात येतो तो बहुतांशी फोडणीचा स्वाद. तिथे एक तर पीठ दुप्पट घेऊन झुणका करावा किंवा पिठल्यासोबत दही-अंडं असं काहीतरी जोडावं. मांसमच्छी खाणाऱ्या घरांना तर अधिक सोपं आहे. अंडी आठ मिनिटांत उकडतात आणि एका अंड्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. कोकणात आणि गोव्यात सुका जवळा, सुकट, बोंबील डब्यात भरलेले असतात. कांद्या-टोमॅटोवर परतलेला मूठभर जवळा दहा मिनिटांत होतो आणि बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जात असल्याने तिच्यातून कॅल्शियमही मिळतं. खारवलेली असेल तर मिठाचा हात तेवढा आवरता घ्यावा.

खर्चाचा हिशेब सांगायला हवा, कारण आरोग्यदायी खाणं म्हणजे महाग खाणं हा समज जाहिरातींनी घट्ट केला आहे. निम्म्या-निम्म्या प्रमाणाची चौघांची खिचडी म्हणजे पाव किलोला थोडी कमी डाळ आणि तेवढेच तांदूळ. मूगडाळ किलोला शंभर ते दीडशे रुपयांच्या दरम्यान मिळते. त्यात तांदूळ, चमचाभर तूप, दोन भाज्या, मूठभर शेंगदाणे धरले तरी चार माणसांचं जेवण शंभर-सव्वाशे रुपयांत बसतं. तेवढ्यात बाहेरून एका माणसाचं नीट जेवण येणंही अवघड झालं आहे. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चातला सुमारे ११ टक्के हिस्सा पेयं, फराळ, प्रक्रिया केलेले पदार्थ आणि विकतचं शिजवलेलं अन्न या एका गटावर जात असल्याचं दिसलं. खाण्यापिण्याच्या खर्चातला हाच सर्वांत मोठा गट होता. धान्य, दूध, भाजी यांतला कुठलाही गट त्याच्या बरोबरीला नव्हता. यात बिस्किटं आणि चहाही आले, सगळा दोष रात्रीच्या पार्सलांवर टाकता येणार नाही. पण वेळ वाचवण्यासाठी आपण पैसे मोजतो आहोत एवढं उघड आहे, आणि वेळ तरी किती वाचतो? काय मागवायचं यावर घरात एकमत व्हायला दहा मिनिटं, घरपोच यायला अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात कुकर गार होऊन झाकणसुद्धा उघडतं.

भाजी हा या साऱ्यातला खरोखर अवघड भाग आहे. दिवसाला ४०० ग्रॅम भाजी हे लक्ष्य मोठं आहे आणि त्यातली १०० ग्रॅम पालेभाजी असावी हे तर आठवड्याच्या रात्री जवळपास अशक्य वाटतं. मेथीची जुडी निवडायलाच वीस मिनिटं लागतात. निवडलेली, चिरलेली भाजी विकत मिळते, पण ती महाग असते आणि चिरून ठेवल्याने तिच्यातलं क जीवनसत्त्वही घटतं. भाजी वेगळा पदार्थ म्हणून करण्याचा हट्ट सोडला तर वाट थोडी मोकळी होते. पालक, चाकवत, लाल माठ, शेवग्याचा पाला हे डाळीतच शिजवायचे. अळूची पातळ भाजी आणि ताकातला चाकवत ही त्याच घराण्यातली नावं आहेत. तांबडा भोपळा, दुधी, कोबी, गाजर, फरसबी या कमी निवडाव्या लागणाऱ्या भाज्या खिचडीत किंवा आमटीत मोठ्या फोडींनी घातल्या की वेगळी कढई लागत नाही. राहिलेली भाजी कच्ची खावी. काकडी, टोमॅटो, मुळा, गाजर, बीट यांची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर पाच मिनिटांत होते आणि गॅसची शेगडीही अडत नाही. पालेभाजी निवडण्याचं काम आठवड्याच्या सुट्टीला करावं आणि ती न धुता, कोरडी, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. तीन-चार दिवस नीट राहते. तरीही ४०० ग्रॅम रोज गाठणं कठीण जाईल. सव्वाशेवरून अडीचशेवर आलो तरी ताट दुप्पट चांगलं झालेलं असेल.

कडधान्यांना मोड आणण्यात कामापेक्षा आठवणीची गरज जास्त असते. रविवारी रात्री भिजवलेली मटकी सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की मंगळवारी रात्रीच्या उसळीला तयार होते. उन्हाळ्यात तर सोमवारी रात्रीच. भिजण्याने आणि मोड येण्याने कडधान्यातलं फायटिक आम्ल कमी होतं, त्यामुळे लोह आणि जस्त शरीराला अधिक मिळतं. पोटालाही अशी उसळ हलकी जाते. मोड आलेली मटकी एकदाच जास्त करून ठेवली तर पुढचे दोन-तीन दिवस तिची उसळ होते, खिचडीत मूठभर जाते, कांदा-लिंबू घालून कोशिंबीर होते. इथे शिळ्या अन्नाचा आक्षेप येतो, आणि जुन्या माणसांकडून तो आला तर उडवून लावू नये. फ्रीज नसलेल्या काळात, आपल्या हवेत, शिजवलेलं अन्न दुसऱ्या दिवशी न खाण्याचा नियम शहाणपणाचाच होता. आजही शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहू नये, फ्रीज पाच अंशांच्या खाली असावा आणि पुन्हा खाताना अन्न वाफाळेपर्यंत गरम करावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पण शिळं आणि अर्धं तयार यांत फरक केला पाहिजे. भिजलेली डाळ, मोड आलेली मटकी, निवडलेली भाजी, खोबरं-लसणीचं वाटण, भाजलेल्या दाण्याचं कूट यांना कुणी शिळं म्हणत नाही. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट महिनोन्‌महिने डब्यात राहतात, त्यामागेही हाच विचार आहे. वेळ असताना काम करून ठेवायचं आणि वेळ नसताना ते वापरायचं, ही कला मराठी स्वयंपाकघराला चांगली ठाऊक होती.

पोळीशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाही, हा सर्वांत मनापासूनचा आक्षेप आहे. पोळी आवडते, मुलांच्या डब्याला लागते, कित्येकांना भाताने झोप येते. पोळी बंद करावी असं माझं म्हणणं नाही. ती विकत आणायला हवी असं मात्र मला ठामपणे वाटतं, निदान आठवड्याच्या रात्री. पुण्या-मुंबईत आणि आता जिल्ह्याच्या गावांतही पोळी-भाजी केंद्रं आहेत. बहुतेक लोक तिथून दोन्ही घेतात. पोळ्या तिथल्या घ्याव्यात आणि भाजी-आमटी घरची करावी. बाहेरच्या पोळीत फारसं बिघडण्यासारखं नसतं. बाहेरच्या भाजीत तेल आणि मीठ किती हे आपल्या हाती नसतं, आणि डाळ महाग म्हणून तिथली आमटी आणखी पातळ असते. कष्टाचं काम पैसे देऊन सोडवलं आणि पोषणाचं काम घरी ठेवलं, तर प्रत्येक रुपया योग्य जागी पडतो. शिवाय त्या पोळ्या लाटणाऱ्या बायकांना रोजगार मिळतो, हीही छोटी गोष्ट नाही. एक मर्यादा मात्र सांगायला हवी. पोषण संस्थेचा २००० उष्मांकांचा नमुना बैठ्या कामाच्या माणसासाठी आहे. हमाली करणाऱ्याला, बांधकामावर राबणाऱ्याला, दिवसभर दुचाकीवरून इतरांची पार्सलं पोचवणाऱ्याला याहून अधिक अन्न लागतं आणि त्याच्या ताटातली चौथी भाकरी काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यालाही डाळ जास्तच हवी, भाकरी कमी न करता.

आणि ज्यांना स्वयंपाकघरच नाही त्यांचं काय? एका खोलीत चौघे राहणारे सुरक्षारक्षक, वसतिगृहातल्या नोकरदार मुली, गॅस लावायची परवानगी नसलेले भाडेकरू. हा प्रश्न मुंबईला नवा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायका-मुलांना गावी ठेवून गिरणगावात गाळ्यांतून राहत आणि पाळ्यांमध्ये राबत. त्यांचं जेवण खाणावळ चालवणाऱ्या बायका करत. आपल्याच खोलीत, स्वतःच्या संसारासोबत आणखी कितीतरी जणांचा स्वयंपाक, महिन्याच्या हिशेबावर. शिधा उधारीवर यायचा आणि सावकाराचं व्याज कंबर मोडायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. जास्त तास राबणाऱ्या माणसाला वेळेवर, परवडणारं, घरच्यासारखं अन्न देणारी व्यवस्था या शहराने एकदा उभी केली होती आणि ती बायकांच्या कष्टांवर उभी होती, या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवल्या पाहिजेत. आज ज्याला घरी शिजवता येत नाही त्याने स्वतःला दोष देण्याचं कारण नाही. त्याला गरज आहे ती चांगल्या खाणावळीची, आणि मेसच्या थाळीत अमर्याद पोळ्यांपेक्षा दोन वाट्या उसळ मागण्याची. वीज वापरायची मुभा असेल तर विजेचा छोटा कुकर एका माणसाची डाळ-खिचडी करतो.

स्वयंपाकघर असलेल्या घरांतही कष्ट कुणाचे, हा प्रश्न उरतोच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं, की घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या स्त्रिया १०० पैकी ८१ होत्या, पुरुष २६. तेव्हा झटपट स्वयंपाकाची कुठलीही शिकवण केवळ बाईला उद्देशून केली तर ती तिच्याच वेळातली थोडी मिनिटं इकडची तिकडे करते. क्रम फिरवण्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. एकसारख्या १२ पोळ्या लाटायला वर्षांचा सराव लागतो, आणि ‘मला जमत नाही’ या सबबीला तिथे जागा मिळते. दोन वाट्या डाळ धुणं, हळद-हिंग घालणं, पाणी मोजणं आणि पहिल्या शिटीनंतर गॅस बारीक करणं हे एका संध्याकाळीत शिकता येतं. बारावीतल्या मुलाला येतं, निवृत्त सासऱ्यांना येतं, सात वाजता घरी पोचणाऱ्या नवऱ्याला येतं. घरात एवढंच ठरवावं की जो आधी येईल त्याने कपडे बदलायच्या आधी डाळ भिजत घालायची आणि चहा झाला की कुकर चढवायचा. सव्वाआठला कुकर गॅसवर असला, तर साडेआठला दार उघडून येणाऱ्या दुसऱ्या माणसाला, वाफ जिरेपर्यंत, बसून काकडी चोचवण्याइतका वेळ मिळतो.